अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी रक्ताच्या छोट्या पिशव्या हव्यात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मे महिना आला की मुंबईत रक्ताचा तुटवडा असल्याच्या बातम्या येतात. त्यांत अपघातग्रस्त, थॅलेसेमियाची मुलं यांचा उल्लेख असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा क्वचितच. नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून आयुष्य गेलं, म्हणून हे पत्र.

किलोभर वजनाच्या बाळाच्या अंगात जेमतेम ९० मिली रक्त असतं, कटिंगच्या ग्लासात मावेल एवढं. तपासण्यांसाठी आपण त्यातूनच थोडंथोडं काढत राहतो. हिमोग्लोबिन उतरण्याचं एक मोठं कारण हेच. मग लाल पेशी चढवाव्या लागतात. एका वेळी साधारण १५ मिली, सिरिंज पंपावर, तीन-चार तास.

रक्तपेढीत अख्खीच पिशवी असेल, तर १५ मिली काढून उरलेली २४ तासांनी फेकायची. पुन्हा गरज लागली की दुसऱ्या दात्याचं रक्त. एवढ्याशा जिवाला दर वेळी नव्या माणसाच्या रक्ताची जोखीम! यावर उपाय आहे. रक्त घेतानाच एकमेकींना जोडलेल्या छोट्या पिशव्या वापरायच्या आणि त्या मुदत संपेपर्यंत त्याच बाळासाठी राखून ठेवायच्या. काही पेढ्या हे करतात. बाकीच्यांनी का करू नये?

बाहेर बाप बाही वर करून उभा असतो, ‘सिस्टर, माझंच रक्त द्या ना.’ त्याला नाही म्हणताना जीव तुटतो. पण जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाळाचं शरीर परक्या म्हणून ओळखत नाही आणि त्याच बाळावर उलटू शकतात. म्हणून रेडिएशन दिल्याशिवाय ते रक्त चालत नाही. हे त्याला कुणीतरी बसवून समजावायला हवं.

डॉक्टरांनाही विनंती. बाळ ठीक असेल तर नाळ कापायला निदान ३० ते ६० सेकंद थांबा. तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाकडे येतं. आणि नुसत्या आकड्यापायी घाई नको. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात किलोभर किंवा त्याहून कमी वजनाची १,८२४ बाळं होती. हिमोग्लोबिन जास्त असतानाच रक्त दिलेली बाळं आणि ते आणखी उतरेपर्यंत थांबलेली बाळं, यांच्यात दोन वर्षांच्या सुमारास जगण्यात वा मेंदूच्या विकासात फरक दिसला नाही.

अशाच बाळांसाठी १९८९ मध्ये शीवच्या रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्धपेढी याच शहराने उभारली. आता राज्य रक्त संक्रमण परिषदेने छोट्या पिशव्या प्रत्येक पेढीत सक्तीच्या कराव्यात आणि त्या कुठे शिल्लक आहेत ते रोज जाहीर करावं, म्हणजे नातेवाइकांना अपरात्री परळपासून बोरिवलीपर्यंत वणवण करावी लागणार नाही.

— एक निवृत्त परिचारिका, लालबाग, मुंबई