‘100 टक्के संरक्षण’ वाचून

ठाणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. महापेच्या ऑफिससाठी आलेलं कॉम्प्युटर सुरक्षेच्या सॉफ्टवेअरचं कोटेशन वाचलं. ‘100 टक्के संरक्षण’ या ओळीवर आधी काट मार, मग दरांकडे बघू.

19 जुलै 2024 ला विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले, ते कुणा हॅकरमुळे नव्हे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी 9:39 ला एक लहानशी फाईल सोडली. मशीनवरच्या त्यांच्या प्रोग्रॅमकडे माहितीचे 20 रकाने होते, फाईलने एकविसावा वाचायला लावला. तो नव्हताच, त्यामुळे मेमरीतली भलतीच जागा वाचली गेली, आणि हे कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या अगदी गाभ्यात, घडल्यामुळे अख्खं विंडोज कोसळलं. 78 मिनिटांत फाईल मागे घेतली, तोवर सुमारे 85 लाख मशीन निळ्या पडद्यावर गेली होती.

गंमत बघ. व्हायरसच्या आधी जागं व्हावं म्हणून हे सॉफ्टवेअर मशीन सुरू होतानाच चालू होतं. त्याच बळामुळे चूकही दर वेळी सर्वांत आधी चालू व्हायची, आणि दुरुस्त फाईल उतरवायला बहुतेक मशीनना सवडच मिळेना. पहारेकरीच दारात आडवा पडल्यासारखं! मग माणसाने एकेका मशीनपाशी जायचं, सेफ मोड (म्हणजे मोजक्याच गोष्टींवर विंडोज सुरू करणं), ड्रायव्हर्समधला क्राउडस्ट्राइकचा फोल्डर, ‘सी-00000291’ ने सुरू होणारी फाईल उडवायची, रीस्टार्ट. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप, असेल तर त्याआधी 48 आकडी रिकव्हरी की. ती ज्या सर्व्हरवर ठेवलेली, तोही कित्येक ठिकाणी बंद.

‘आम्ही एक व्हर्जन मागेच राहतो’ म्हणणारेही सुटले नाहीत. ती सेटिंग मुख्य प्रोग्रॅमपुरती होती, या फाईली सगळ्यांना एकदम जायच्या. म्हणून विक्रेत्याला नेमकं हेच विचार: रोजच्या फाईली टप्प्याटप्प्याने सोडता येतात का? तुझ्या चाळीसपैकी तीन मशीनवर आधी, बाकीच्यांवर दुसऱ्या दिवशी. नव्या धोक्याची ओळख एक दिवस उशिरा पोचेल, पण बिलिंग एकदम बंद पडण्यापेक्षा ते परवडलं. विश्वासाच्या अपडेटची झळ नवी मुंबईने आधीही सोसली आहे. जून 2017 मध्ये जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल नॉटपेट्या या व्हायरसने ठप्प झालं, आणि तो पसरला होता युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून.

फुशारकीचा कळस मात्र एचबीगॅरी फेडरल या सुरक्षा कंपनीचा. 2011 मध्ये त्यांच्या प्रमुखाने ‘अनॉनिमस’ या हॅकरगटातल्यांची नावं शोधल्याचं जाहीर केलं. त्या हॅकरनी कंपनीच्या वेबसाइटमधल्या साध्या एसक्यूएल इंजेक्शनने, म्हणजे वेबसाइटमार्फत डेटाबेसला भलतीच आज्ञा देऊन, पासवर्ड काढले. ते साठवलेले जुन्या, कमकुवत एमडी5 पद्धतीने, वर सॉल्ट (प्रत्येक पासवर्डात मिसळायची वेगळी अक्षरं) न घालता, आणि मुळात सोपे, आणि प्रमुखाचा तोच पासवर्ड मेललाही! सुरक्षा विकणाऱ्यांच्या घरात हे.

तू सही करण्याआधी सगळ्या रिकव्हरी की कागदावर छापून कपाटात ठेव. एका जुन्या मशीनवर सेफ मोडपर्यंत पोचायचा सराव ऑफिसातल्या पोरांकडून करून घे, रिकव्हरी की टाइप करण्यासकट. आणि विक्रेता रविवारी फोन उचलतो का, ते रविवारीच बघ.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मकरंद