ताप आला तर कळव

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

काल विमानतळावरून परतताना सोलापूर येईपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. दिवाळीत मी "एवढ्या लांब कशाला?" म्हणून भांडले, ते मनातून काढून टाक. एकच ऐक, आजारी पडलीस तर लपवू नकोस. पुण्याला हॉस्टेलवर चार दिवस तापात काढलेस आणि आम्हाला कळलं सुमामावशीकडून.

चीनमधलं तुझं शिआन म्हणजे जुनं छांगआन. ह्युएन त्संग तिथूनच निघाला आणि पुलकेशीच्या महाराष्ट्रापर्यंत आला. इथली माणसं उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय. चिनी माणूसही विसरलेला नाही. अफूच्या युद्धात इंग्रजांकडून हरल्यावर १८४२ मध्ये त्यांचं हाँगकाँग गेलं आणि त्या अफूतली माळव्याची अफू आपल्या मुंबई बंदरातून जायची. कुणी त्याबद्दल बोललं तर वाद घालू नकोस, ऐकून घे.

मातीच्या पुतळ्यांची फौज बघून ये. १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडली. ती ज्या छिन सम्राटाची, त्याने इ.स.पू. २२१ मध्ये देश एक केला, मग लिपी एक केली. म्हणून एकमेकांची बोली न कळणारी माणसंही आज एकच वर्तमानपत्र वाचतात. मला हे चीनच्या त्या भिंतीपेक्षा मोठं वाटतं. अक्षरं रोज गिरव. रोज म्हणजे रोज, परीक्षेच्या आदल्या रात्री नव्हे.

चुकलं, पुन्हा वर्ग घ्यायला लागले.

तिथली जुनी माणसं भेटल्यावर "जेवलात का?" विचारतात. १९५९ ते ६१ च्या दुष्काळात तिथे कोट्यवधी माणसं मेली. एखाद्या आजीने विचारलं तर नीट उत्तर दे. आणि खरंच जेव. तांदळाची पेज तिथेही मिळते, तापात तीच घे.

भैया चौकातलं डॉ. कोटणीसांचं घर तुला क्लासला जाताना रोज दिसायचं. १९३८ मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, फिट येत असतानाही काम सोडलं नाही आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच वारले. बत्तीस वर्षांचे होते. पंचवीस वर्षं मी हा धडा मुलांना अभिमानाने शिकवला. काल रात्री पहिल्यांदा त्यांच्या आईचा विचार आला.

तू डॉक्टर होणार, हे मी गल्लीत सगळ्यांना सांगितलंय.

आमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तुझे बारा. उशीर झाला म्हणून फोन टाळू नकोस, मी जागी असते. थर्मामीटर निळ्या पिशवीत आहे, शेंगदाण्याच्या चटणीखाली.

तुझी,
आई