हार्नेस अजून घेऊ नकोस

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली यादी रात्री दोनदा वाचली. चार पट्ट्यांचा हार्नेस म्हणजे शर्यतीचा सीटबेल्ट, बोल्ट लावून आत बसवायचा पोलादी नळ्यांचा सांगाडा म्हणजे अर्धा रोल केज, आगीपासून वाचवणारा लाल सूट, नवा सायलेन्सर आणि सगळ्यात शेवटी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, ‘हेल्मेट, ब्रेकचं काम’. फोनवर बोलायला लागले असते तर मध्येच आवाज चढला असता, म्हणून लिहायला बसले. तू ट्रॅकवर उतरू नयेस असं मला एकदाही वाटलेलं नाही. स्पर्धेच्या सकाळी गाड्यांच्या तपासणीच्या टेबलामागे मी इतकी वर्षं उभी राहिले आहे, तेव्हा तुला नाही म्हणण्याचा मला हक्कही नाही. फक्त ती यादी उलटी कर.

आधी हार्नेस, कारण त्याच्यावर तुझा जास्त जीव दिसतोय.

तुझ्या गाडीतला तीन टोकांचा सीटबेल्ट, ती सीट, तिची हेडरेस्ट, एअरबॅग आणि छत हे सगळं एकमेकांचा हिशेब धरून केलेलं आहे. त्यातला एकच भाग काढून तिथे शर्यतीचा भाग बसवलास की तो हिशेब बिघडतो. साध्या चार पट्ट्यांच्या हार्नेसमध्ये मधून, मांड्यांमधून येणारा पट्टा नसतो. धडकेत खांद्यांवरचे पट्टे ताणले जातात आणि बकल वर ओढतात. त्याबरोबर कमरेचा पट्टा हाडांवरून सरकून पोटावर येतो आणि शरीर त्याच्याखालून पुढे घसरतं. आत्ता बसल्या जागी कमरेच्या दोन्ही बाजूंना हात लावून बघ. जी टोकदार हाडं लागतात ना, कमरेचा पट्टा त्यांच्या खाली, घट्ट बसायला हवा. हाड मार सोसतं. पोटात मार सोसणारं काहीच नाही. म्हणून घ्यायचाच झाला तर पाच किंवा सहा पट्ट्यांचा घे, पण तोही आत्ता नको.

समज, सहा पट्ट्यांचा घेतलास आणि छत तसंच ठेवलंस. गाडी उलटली तर साध्या बेल्टमध्ये अंगाला बाजूला कलायला थोडी तरी जागा मिळते. हार्नेस तुला ताठ धरून ठेवतो आणि छत वरून खाली येतं. म्हणजे हार्नेसला रोल बार, छत दबू नये म्हणून आत लावलेली पोलादी नळी, हवा. रोल बारला चांगलं जाड, कडक पॅडिंग हवं आणि आत बसणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट हवं. याच गाडीने तू रोज ऑफिसला जातेस, तेव्हा हेल्मेट घालशील का? साध्या धडकेतही उघडं डोकं त्या पोलादी नळीवर आपटू शकतं. पुढे, खांद्याचे पट्टे मागे जाताना खांद्याच्या रेषेत किंवा तिथून थोडेच खाली, जास्तीत जास्त 20 अंशांपर्यंत, जायला हवेत. ते थेट मागच्या जमिनीला बांधले तर धडकेत पाठीचा कणा खाली दाबला जातो. त्यासाठी पट्ट्यांना भोकं असलेली बकेट सीट आणि मागे बांधायला आडवा बार हवा. आणि हे सगळं झाल्यावर, खांदे घट्ट धरले गेल्यामुळे, मान उरते.

मानेचं मी जरा सविस्तर सांगते. धड जागच्या जागी थांबतं, पण हेल्मेटचं वजन घेऊन डोकं पुढे जातच राहतं. कवटीच्या तळाचं हाड तिथे मोडतं. 1981 मध्ये जिम डाउनिंग यांचा एक रेसर मित्र असाच गेला. त्यांचे मेहुणे रॉबर्ट हबर्ड बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक होते. दोघांनी मिळून खांद्यावर बसणारी एक कॉलर तयार केली, तीच ‘हान्स’. तिच्यापासून दोन पट्टे हेल्मेटला जातात आणि डोकं धडाबरोबरच थांबतं. कितीतरी वर्षं बहुतेक ड्रायव्हरांनी ती घातली नाही. अवघडतं, मान वळत नाही, असं म्हणत राहिले. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत नामांकित रेसर डेल अर्नहार्ट गेले, तेही कवटीचा तळ मोडूनच. त्याच वर्षी तिथल्या शर्यती भरवणाऱ्या नॅस्कार या संस्थेने मानेचं संरक्षण सक्तीचं केलं आणि 2003 पासून फॉर्म्युला वनमध्ये हान्स आली. वस्तू तयार होती आणि तरी इतकी वर्षं माणसं जात होती, हे आठवलं की मला अजून त्रास होतो. हान्स खांद्यावरच्या दोन पट्ट्यांखाली दाबून बसते, म्हणून तुझ्या आताच्या बेल्टबरोबर ती घालता येणार नाही.

तर ही अशी साखळी आहे: सीट, हार्नेस, रोल बार, पॅडिंग, हान्स. घेशील तेव्हा सगळी एकदम घे, त्यासाठी पैसे साठव. तोपर्यंत गाडी कंपनीतून आली तशीच, एअरबॅगसकट, राहू दे. पहिलं वर्ष मोकळ्या पटांगणात कोन लावून एकेक गाडी सोडतात ते ऑटोक्रॉस कर, आणि शिकवणारा शेजारी बसतो असे ट्रॅक डे. त्यांना सहसा हेल्मेटपलीकडे काही लागत नाही. तरी आयोजकांची नियमावली खरेदीच्या आधी वाच. वस्तू घेतल्यावर नियम वाचणारे मी टेबलापलीकडे फार पाहिले, आणि त्यांना परत पाठवणं मला कधीच सोपं गेलं नाही.

आता हेल्मेट. मोटरसायकलचं असलेलं चालेल का, असं तू विचारलं आहेस. ऑटोक्रॉसला बऱ्याच ठिकाणी चालतं, पण तू नवीनच घेणार आहेस तर गाडीसाठीचं घे. आत स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं लेबल असतं. 1956 मध्ये पीट स्नेल नावाचा रेसर हेल्मेट असूनही डोक्याला मार लागून गेला, त्याच्या मित्रांनी पुढच्या वर्षी ती संस्था काढली. ‘एम’ म्हणजे मोटरसायकल, ‘एसए’ म्हणजे गाडी. एसए हेल्मेट आगीवर तपासतात आणि रोल बारवर आपटल्यासारखा मारही देऊन बघतात. एमला या दोन्ही चाचण्या नसतात. एसए 2020 किंवा त्यानंतरचं घेतलंस की हान्सचे पट्टे अडकवायला जागा आधीपासूनच मिळते.

दुसऱ्याचं वापरलेलं घेऊ नकोस. आतला थर्मोकोलसारखा थर एकदाच दबतो आणि तो दबलाय का ते बाहेरून कळत नाही. डोक्याचं माप भुवयांच्या इंचभर वरून घे. दुकानात हेल्मेट घालून वीस मिनिटं बस. गाल दाबले गेले पाहिजेत, पण कपाळावर एकाच जागी ठणकता कामा नये. मग दोन्ही हातांनी हेल्मेट डावीउजवीकडे फिरव. कपाळाची कातडी त्याच्याबरोबर ओढली जायला हवी. शेवटी पट्टा बांधून कुणाला तरी मागच्या कडेखाली बोटं घालून पुढे ओढायला सांग. निघालं तर मोठं आहे. दर पाच वर्षांनी बदल, आणि एकदा जरी जोरात आपटलं तर त्याच दिवशी.

सूट नंतर घे. त्यावर एसएफआयचा, म्हणजे शर्यतीच्या सामानाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा, आकडा असतो. 3.2ए/1 चा एका थराचा सूट आगीत साधारण 3 सेकंद देतो, 3.2ए/5 चा 10 सेकंद. एवढ्या वेळानंतर कातडीवर दुसऱ्या दर्जाचा भाजल्याचा फोड येतो. बकल सोडून दाराबाहेर पडायला 3 सेकंद पुरतात का, ते हातात घड्याळ धरून बघ. तोवर सुती कपडे, पूर्ण बाह्यांचे. नायलॉन-पॉलिस्टर आतूनही घालू नकोस, ते वितळून अंगाला चिकटतं.

आणि आता मला खरं जे लिहायचं होतं ते. ब्रेक.

तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. माझा ट्रॅकवरचा दुसराच दिवस होता. सकाळी तपासणीत ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक लागलं, पास झाल्याचं स्टिकर मिळालं. चौथ्या फेरीत लांब सरळ रस्त्याच्या टोकाला पाय ठेवला आणि पेडल जमिनीला जाऊन टेकलं. खाली काहीच नव्हतं. दोनदा, तीनदा पाय मारला तेव्हा जरासं काहीतरी लागलं, गिअर खाली ओढले आणि गाडी खडीच्या पट्ट्यात जाऊन रुतली. खडी अंडरबॉडीवर आपटल्याचा तो आवाज मला आजही ऐकू येतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांपूर्वीचं होतं. ते हवेतली ओल शोषून घेतं. नव्या डॉट 4 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो, 3.7 टक्के पाणी शिरलं की तो 155 पर्यंत उतरू शकतो. उकळलं की वाफ होते आणि वाफ दाबली जाते, म्हणून पेडल रिकामं. गार गाडीत यातलं काहीच दिसत नाही. तपासणाऱ्याची चूक नव्हती. पुढे मी स्वतः त्या टेबलामागे उभी राहिले तेव्हा प्रत्येकाला विचारायचे, ऑइल कधी बदललं?

रस्त्यावर चालतात ते ब्रेक इथे का चालत नाहीत ते समजून घे. 120 च्या वेगावरून थांबताना 60 वरून थांबण्याच्या चौपट उष्णता निघते, आणि ती दर दीड-दोन मिनिटांनी परत. म्हणून ट्रॅक डेच्या आधी नवीन, सील न फोडलेल्या बाटलीतलं ऑइल घालून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढायची. डॉट 4 चांगल्या प्रतीचं, नाहीतर 5.1. नुसतं 5 नको, ते सिलिकॉनचं असतं आणि तुझ्या ऑइलात मिसळत नाही. ब्रेकचे पॅड निम्म्याहून जास्त जाड हवेत. अगदी शर्यतीचे पॅड घेऊ नकोस, ते गार असताना धरत नाहीत आणि तुला त्याच गाडीने घरी यायचं असतं.

गाडीत बसल्यावर फरक पायाला ओळखता आला पाहिजे. पेडल स्पंजासारखं खाली जायला लागलं तर ऑइल उकळतंय. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. दोन्हीत वेग सोडायचा आणि पिटमध्ये यायचं, आणखी एक फेरी नाही. शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता हळू मारायची. उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावायची.

बाकीचं भराभर सांगते. चाकांचे नट टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकातला आकडा बघून, आणि पहिल्या फेऱ्यांनंतर गार झाल्यावर परत एकदा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, 2322 म्हणजे 2022 चा तेविसावा आठवडा. जुने कडक टायर नकोत. तापल्यावर हवेचा दाब वाढतो म्हणून काढलीस, तर घरी निघण्याआधी परत भर. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत ठेव, लांब वळणात ते एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. बॅटरी हाताने हलव. हलली तर ती बांधलेली नाही. ड्रायव्हरच्या पायाखालची चटई काढ, स्टेपनी, जॅक, डिक्कीतलं सगळं काढ आणि मग सीटखाली हात घाल. मला एकदा तिथे पाण्याची बाटली मिळाली होती, अर्धी भरलेली, ब्रेकच्या पेडलखाली घरंगळत यायला अगदी मापाची. अग्निशामक ठेवायचा तर धातूच्या पट्ट्यात, जमिनीला बोल्ट लावून, बेल्ट बांधलेला असताना हात पोहोचेल असा. नुसता मागे टाकलेला नको.

पुढच्या रविवारी सकाळी येते. टॉर्क पाना आणि एअर काढायची पारदर्शक नळी माझ्याकडे आहे, ब्रेक ऑइलच्या दोन बाटल्या तू आणून ठेव, पण माझ्यासमोरच फोड. पेडलवर मी बसते, चाकाजवळचं ऑइल सोडायचं निपल तू उघड. आधी जुनं, चहासारखं ऑइल नळीतून येईल, मग बुडबुडे, मग स्वच्छ पिवळसर. ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय तुला कळायचं नाही. पॅड कोणते घेतेस त्याच्या खोक्याचा फोटो तेवढा आधी पाठव.

तुझी,
आई