बदकं कमी झाली की नुसती पांगली?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

समुद्री बदकांच्या हिवाळी मोजणीत आकडा घसरला की लगेच 'पक्षी मेले' असं धरून चालतात, ते मला अजिबात पटत नाही, म्हणून लिहितोय.

स्पेक्टॅकल्ड ईडरचंच बघा ना. अमेरिकेत 1993 ला हे बदक धोक्यात असलेल्या प्रजातींच्या यादीत गेलं, पण हिवाळ्यात जातं कुठे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. 1995 ला पक्ष्याला लावलेल्या सॅटेलाइट ट्रान्समीटरच्या सिग्नलवरून शोधत गेले तेव्हा अलास्का आणि रशियाच्या मधल्या बेरिंग समुद्रात सेंट लॉरेन्स बेटाच्या दक्षिणेला बर्फाच्या फटींमधे हे पक्षी अक्षरशः खांद्याला खांदा लावून बसलेले सापडले. एवढे दाटीवाटीने की विमानातून फोटो काढायचे आणि फोटोवरून मोजायचे, अशा मोजणीत तीन लाखांहून जास्त भरले!

म्हणजे मोजणी जमली ती बर्फामुळे. आणि आता बर्फाचाच भरवसा राहिला नाही, 2018 च्या हिवाळ्यात तर बेरिंगमधे सॅटेलाइट नोंदी सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात कमी बर्फ होता. बर्फ नसला की पक्षी एका जागी कोंडलेले राहत नाहीत, उघड्या समुद्रावर कुठेही पांगू शकतात, मग विमानाने उडायचं तरी कुठे? त्यात वारा सुटला की लाटांवर पांढरा फेस येतो आणि नराची पाठ पण पांढरीच, मादी तपकिरी, ती करड्या पाण्यात दिसतच नाही. शिवाय हे पक्षी शिंपल्यांसाठी खोल बुड्या मारतात, फोटोच्या क्षणी जे पाण्याखाली असतील ते मोजणीत येणारच नाहीत. दिवस लहान, हवा खराब आणि किनाऱ्यापासून एवढ्या लांब विमान नेणं म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ, हे पण विसरून चालणार नाही.

याचा अर्थ सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाहीये. विश्रांतीला बर्फ नाही म्हणजे दिवसभर थंडगार लाटांवर तरंगत राहायचं, त्यात ताकद जाते, म्हणून पक्षी खरंच कमी होत असतील तर ते वेळेत कळायलाच हवं. पण जुन्याच पट्ट्यावर घिरट्या घालून ते कसं कळणार? आधी पुरेशा पक्ष्यांना ट्रान्समीटर लावा, ते कुठे आहेत बघा, मग त्याच आठवड्यात तिथे विमान पाठवा. खर्च होईल, होऊ दे. आणि बातमी छापताना आकड्याशेजारी किती समुद्र तपासला आणि त्या वर्षी बर्फ किती होता एवढं तरी जरूर द्या.

आपला,
एक पक्षीप्रेमी वाचक