जहाजाच्या सहाव्या मजल्यावरच्या खोल्या आवरणाऱ्या देवगडकर दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव मला पाठ आहे, पण इथे लिहीत नाही. तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते नियमात बसत होतं की नाही कोण जाणे, म्हणून जहाजाचंही नाव नको. जून महिना, व्हँकुव्हरहून अलास्काला निघालेली बोट आणि नाशिकची चौदा माणसं, एवढी खूण तुम्हाला पुरे. त्यातले स्वेटरवर जाकीट आणि जाकिटावर कानटोपी चढवून फिरणारे म्हणजे माझे बाबा.

आपली ओळख माझ्या पायाच्या करंगळीने करून दिली. ती पलंगाच्या कोपऱ्यावर आपटली, मी "आई गं!" म्हणून ओरडले आणि दाराबाहेरून आवाज आला, "ताई, लागलं काय?" मराठी ऐकून दुखणं पळालं असं म्हणणार नाही. चांगलंच ठणकत होतं. पण हसू आलं.

दुसऱ्या दिवशी व्हँकुव्हर बेटाचा आडोसा संपला आणि क्वीन शार्लट साउंडच्या उघड्या पाण्यात जहाज डुलायला लागलं. बाबा आडवे झाले ते उठेचनात. 'रोज घरगुती भारतीय जेवण' असं टूरच्या पत्रकात छापलेलं होतं. त्यातलं पनीर बघूनच त्यांना उमळून यायचं. टूर मॅनेजरलाही बोट लागलेली, ते खोलीबाहेर पडत नव्हते. डॉक्टरची फी डॉलरमध्ये आहे हे कळल्यावर तर बाबांना काही झालेलंच नव्हतं! उभा जन्म नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापण्यात गेला, पण स्वतःसाठी एक मोडायची म्हटली की जिवावर येतं.

तुम्ही खोली आवरायला आलात आणि न शिवलेला ट्रे पाहिलात. हिरवी सफरचंदं आणि खारी बिस्किटं आणून दिलीत. बाबांना प्रेशरची गोळी चालू आहे म्हटल्यावर, उलटीची गोळी नर्सला विचारल्याशिवाय देऊ नका, असं बजावलंत. आणि रात्री ड्यूटी संपवून झाकणाचा कप घेऊन आलात. पेज! तुमच्या क्रू मेसमधल्या भाताची, जरा खारट, वर आंब्याच्या लोणच्याचा लाल खार. "वायच घेवा काका, पोटात कायतरी व्हया." आमच्याकडे आजाऱ्याला मुगाची खिचडी, पेज बाबांनी कधी खाल्ली नव्हती. त्यांनी कपात बोट फिरवून तळ पुसून घेतला.

टॉवेलच्या हत्तीबद्दल राहिलंच. तुम्ही तो घडी घालून उशाशी ठेवलात, बाबांनी त्याला गणपती ठरवलं आणि उलगडू दिलं नाही. मग तुम्ही रोज एक टॉवेल जास्तीचा ठेवत गेलात, काही न बोलता.

ग्लेशियर बे, म्हणजे अलास्कातल्या राष्ट्रीय उद्यानातली हिमनद्यांची खाडी, तिथे पोचलो त्या सकाळी बाबा जाग्यावर बसते झाले होते. तिथे दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना सोडतात, उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन आपल्या जहाजावर चढतात, हे तुम्हीच सांगितलंत. "घाई करू नका, जहाज हिमनदीसमोर गोल फिरतं, कुठल्याही बाजूला उभे राहिलात तरी दिसतं," म्हणालात आणि दोन जादा ब्लँकेटं दिलीत. रेंजरबाई माइकवरून सांगत होत्या, १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं आली तेव्हा बर्फाची भिंत खाडीच्या तोंडाशीच होती. आता शंभरेक किलोमीटर आत जावं लागतं. म्हणजे नाशिकहून शिर्डी गाठून आणखी पुढे.

मार्जरी हिमनदी पाण्याच्या वर अडीचशे फूट उभी. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "दुतोंड्या मारुती कुठल्या कुठे बुडाला असता." गोदावरीला पूर किती आला ते आम्ही नाशिककर नदीतल्या या मूर्तीवरून मोजतो. निफाडच्या द्राक्षबागांत थंडीला शेकोट्या पेटतात, ती आमची थंडीची कमाल. इथे निळा रंग खरंच बर्फाच्या आतून येत होता; दाबलेला बर्फ प्रकाशातला लाल भाग गिळतो म्हणे. एक कडा सुटला. आधी नुसता पडताना दिसला, पाणी उसळलं, आणि मग तोफेसारखा आवाज आला. त्याला इथले मूळचे ट्लिंगिट लोक 'पांढरा गडगडाट' म्हणतात.

तेवढ्यात बाबांनी विचारलं, "आपला देवगडवाला कुठाय?" तुम्ही खाली होतात. सगळे डेकवर म्हणजे सगळ्या खोल्या रिकाम्या, म्हणजे तुमच्या कामाची हीच वेळ. लोकांच्या चादरी बदलता बदलता त्यांच्याच काचांतून तुकड्यातुकड्याने बघायचं, आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, सुट्टीचा वार नाही. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, लाज वाटली. बाबांनी माझा फोन हिसकावून तुमच्यासाठी व्हिडिओ काढला, त्यात अर्ध्याहून जास्त त्यांचा अंगठा आहे. तो तुम्ही हातात उशीचा अभ्रा धरून शेवटपर्यंत पाहिलात. मग म्हणालात, "खाली झोपतो ना, तिथे बर्फाचे तुकडे पत्र्याला घासल्याचा आवाज येतो. दिसत नाय, पण समजता, इलो ग्लेशियर."

उतरताना टिपेचं पाकीट दिलं, आभार मात्र राहून गेले. रांग होती, बॅगा होत्या, तुमच्या पुढच्या खोल्या होत्या. म्हणून हे पत्र.

कॉन्ट्रॅक्ट संपलं की नाशिकला या, फेब्रुवारी-मार्चमध्ये जमलं तर द्राक्षं असतील. येताना किलोभर उकडा तांदूळ आणा. मी इथे तीनदा पेज केली, बाबा म्हणतात, "ती नव्हे."

तुमची,
करंगळीवाली ताई