माउस माझ्याच हातात ठेवलास म्हणून

प्रिय भाच्या,

फोनवर आभार मानायला लागले की तू "मावशी, पुरे आता" म्हणून विषय बदलतोस. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आता मध्येच तोडता यायचं नाही.

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि ११ साठी लागणारी टीपीएम २.० ची, म्हणजे सुरक्षेच्या चिपची, सोय माझ्या लॅपटॉपमध्ये नव्हती. बाकी गडी ठणठणीत. भाषांतराच्या कामाला लागतं तरी काय, शब्दकोश, ब्राउझर आणि लिहायला जागा. तरी मी नवा घ्यायला निघालेच होते. तू एवढंच म्हणालास, "घे की. पण आधी आठ दिवस पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवून बघ. डिस्कला हात लावायचा नाही." मिंट म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली, हे मला तेव्हा कळलं.

तेव्हा मला तो वेळकाढूपणा वाटला होता. पण पेनड्राइव्ह काढला की जुना संसार जागच्या जागी, हे कळल्यावर भीतीच गेली आणि मी वाट्टेल ते दाबून पाहायला लागले. पहिल्याच दिवशी वायफाय बंद. वायफायची चिप बनवणाऱ्यांनी तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, बंदिस्त ठेवलेला, त्यामुळे तो आपोआप चालू झाला नव्हता. तू सांगितलंस: फोन केबलनं जोड, त्याचं इंटरनेट लॅपटॉपला दे, ड्रायव्हर मॅनेजर उघड. झालं चालू! दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद, कारण पेनड्राइव्हवरच्या त्या लिनक्सला कालचं काही आठवत नाही. रोज सकाळी तेच. मी वैतागले, तू हसलास. पाचव्या दिवशी मात्र मला ते तोंडपाठ झालं होतं. तुझा डाव हाच होता की काय, देव जाणे.

मग खरं इन्स्टॉल करायचा दिवस. "बॅकअप घेतलाय," म्हटलं तर तुझा विश्वास नाही. बाहेरच्या डिस्कवरच्या कुठल्याही तीन फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखव म्हणालास. तिसरी उघडेना. कॉपी अर्ध्यातच तुटली होती! 'डिस्क पुसून टाका' हे बटण मी त्या आधी दाबलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार अजूनही रात्री येतो.

फाइल उतरत होत्या तेव्हा तू मिंटची वंशावळ सांगितलीस. मिंट उबुंटू नावाच्या लिनक्सवर उभं, उबुंटू डेबियन नावाच्या त्याहून जुन्या लिनक्सवर, आणि डेबियन १९९३ साली इयन मर्डॉकनं सुरू केलं. नावात आधी त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीचं, डेब्राचं नाव, मग त्याचं. मला ते इतके दिवस एखाद्या औषधाचं नाव वाटत होतं.

मराठीचं मात्र घोडं अडलं. कीबोर्डात मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे किल्ल्यांची मराठी मांडणी, जोडला, टायपिंग सुरू झालं, आणि 'दुसऱ्या' लिहिताना 'दुसर्या' उमटायला लागलं. मी म्हटलं, बघ, तुझ्या लिनक्सला मराठी येत नाही. तू मला किल्ल्या मोजायला लावल्यास: शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश, मग ई. साध्या 'र'ऐवजी नुक्त्याचा 'ऱ' हवा होता. चूक माझीच. आधीच्या कीबोर्डवर ती परस्पर झाकली जायची, एवढंच.

वीस वर्षांपूर्वीची माझी भाषांतरं उघडली तर नुसती रोमन गिचमिड. तो दोषही लिनक्सचा नव्हता. त्या फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच, इंग्रजी अक्षरांवर फॉन्टनं देवनागरीचा मुखवटा चढवला होता, हे तू दाखवलंस. ती मी अजून एकेक करून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, आणतेय. कंटाळवाणं काम आहे, पण पुन्हा करावं लागणार नाही.

या सगळ्यात तू एकदाही "सरक, मी करतो" म्हणाला नाहीस. दोन मिनिटांचं काम मी वीस मिनिटं करायची आणि तू हाताची घडी घालून बसायचास. ओठ चावताना दिसायचास, ते सोड. आभार खरे त्याचे आहेत. मिंट काय, कुणीही इन्स्टॉल करून दिलं असतं.

स्कॅनर अजून रुसलेलाच आहे. येशील तेव्हा बघू. तू बस, दाबेन मीच.

तुझी,
मावशी