'मान्सून आला' म्हणजे पेरणीची वेळ झाली, असे नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे सरत आला की 'मान्सून दाखल'चे मथळे झळकतात आणि कृषी केंद्रांवर बियाण्यासाठी गर्दी होते. हवामान खाते केरळातले आगमन जाहीर करते ते 10 मेनंतर ठरलेल्या 14 केंद्रांपैकी 60 टक्के केंद्रांवर सलग 2 दिवस किमान 2.5 मिलिमीटर पाऊस झाला आणि वाऱ्याच्या, ढगांच्या अटी जुळल्या की. खात्याचे काम चोखच आहे, पण त्यावरून आपल्या रानातली ओल कळत नाही. 2025 मध्ये मान्सून 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोचला. नंतर तो अडखळला, आणि विदर्भात पुढे सरकेपर्यंत निम्मा जून गेला.

ओलीला ओल भिडल्याशिवाय जुनी माणसे चाड्यावर (पाभरीच्या बी सोडायच्या नरसाळ्यावर) मूठ धरत नसत. काळ्या रानात हे बघायला कुदळीने वीतभर खड्डा घ्यावा, तोही तीन ठिकाणी: बांधालगत, मधोमध आणि उताराला. वर ओल, खाली ओल आणि मधे कोरडा, कोमट थर लागला तर थांबावे. खालची माती मुठीत दाबून गोळा कमरेएवढ्या उंचीवरून सोडावा. दोन-चार तुकडे झाले तर वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आहे. चपटा होऊन चिकटून राहिला तर रान जास्त ओले आहे, तिफण (तीन फणांची पाभर) घातली की ढेकळे निघतील. गोळाच बांधला गेला नाही तर पेरणीचे नावही काढू नये.

मिलिमीटरमध्ये सांगायचे तर सोयाबीनसाठी 75 ते 100 मिमी पाऊस मुरलेला हवा. तोंड आणि तळ एकाच मापाचा डबा झाडा-भिंतीपासून लांब ठेवून रोज सकाळी पट्टीने पाणी मोजले, की आपल्या शिवाराचा आकडा मिळतो. वळीव एका शिवारात कोसळतो आणि शेजारचे कोरडे राहते, म्हणून तालुक्याच्या सरासरीवर विसंबू नये.

20-25 मिमीवर पेरले की काय होते? वरची दोन-तीन बोटे माती भिजते, दाणा फुगतो, मोड धरतो, आणि आठ दिवस ऊन पडले की तिथेच करपतो. एकदा फुगून वाळलेले सोयाबीन पुन्हा उगवत नाही. बियाणे आणि खत दोन्ही जाते, मजुरी वेगळी. पाच सेंटीमीटरपेक्षा खोल पडलेल्या दाण्याचीही तीच गत, कारण सोयाबीन आपली डाळ वर उचलून बाहेर येते आणि जमिनीवर पापुद्रा धरला असेल तर त्याची मान मोडते. तीन-चार सेंटीमीटर पुरे.

नक्षत्रांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. मृग 7-8 जूनला लागतो, आर्द्रा 21-22 जूनला. हे पिढ्यांनी बांधलेले वेळेचे गणित आहे, पावसाची हमी नव्हे. वाहन बेडूक आहे की गाढव, यावर पेरणी ठरवणे मथळ्यावर ठरवण्याइतकेच धोक्याचे.

थांबायचे ते दिवस उगवणशक्ती तपासायला वापरावेत. ओल्या गोणपाटावर 100 दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडून गुंडाळी करावी, सावलीत ठेवून ओल टिकवावी आणि सहा-सात दिवसांनी सुदृढ मोड मोजावेत. 70 आले तर एकरी 30 किलो बियाणे पुरते, 65 आले तर 32, 60 आले तर 35. त्याखाली बियाणे बदललेले बरे. सोयाबीनचे साल पातळ असते. पोती आपटली, थप्पी उंच रचली की हाच आकडा घसरतो.

आपल्याला विनंती अशी, की मान्सूनच्या नकाशाशेजारी 1 जूनपासून महसूल मंडळनिहाय पडलेला पाऊस रोज छापावा. थांबल्याने हंगाम हुकेल ही धास्ती मथळ्यांमुळे वाढते. मूग-उडीद जूनअखेरपर्यंत उरकावेत हे खरे, पण सोयाबीन 15 जुलैपर्यंत पेरता येते.

आपला,
एक शेतकरी वाचक, मराठवाडा